गुलाबरावांचा उजवा हात

आम्ही जन्मभर ज्याला रस्ता म्हणत आलो, त्याला आता ऑफ-रोड म्हणतात. त्यासाठी पुण्या-नागपुराहून माणसं येतात, डोक्याला फडकं बांधतात, मेळघाटाच्या नाल्यात मुद्दाम गाडी घालतात, फसतात आणि फसल्याचा फोटो काढतात. आमच्या वेळी फसलेल्या माणसाचा फोटो कोणी काढत नसे. त्याला शिव्या देत आणि मग धक्का देत. आता शिव्याही नाहीत आणि धक्काही नाही, नुसता फोटो.

परवा असाच एक फडकंवाला मला अकोटच्या स्टँडसमोर चहाच्या टपरीवर भेटला. गाडी एवढी उंच की आत चढायला शिडी लागावी. म्हणाला, "काका, गिअर नीट पडत नाहीये. इथं कोणी चांगला मेकॅनिक आहे का?"

माझ्या तोंडून निघूनच गेलं, "पोपटखेड रोडनं जा. डाव्या हाताला झेंडूचा मळा लागते, तथी गुलाबराव..."

मग आठवलं. म्हटलं, "राहू द्या. अकोल्याले घेऊन जा."

तो गेला. चहा निवला. आणि मी तिसरीतून शाळा सोडलेला माणूस, घरी येऊन कागद घेऊन बसलो. कारण गुलाबरावांबद्दल लोक काहीबाही सांगतात. कोणी म्हणतं देवमाणूस होता. देवमाणूस बिलकुल नव्हता. देव भक्ताचं ऐकून तरी घेतो.

गुलाबराव धोटे जातीनं माळी. सगळं घराणं फुलाचं आणि भाजीचं. भाऊ शंकर झेंडू आणि शेवंती लावणारा, गुलाबरावांची घरवाली सुमनवैनी त्या टोपल्या भरून अकोल्याच्या बाजारात नेणारी. मधातच हे एक माणूस असं निघालं की ज्याला फुलाच्या वासानं शिंका येत आणि गिअर ऑइलच्या वासानं भूक लागे. मळ्याच्या रस्त्याकडच्या कोपऱ्यात लिंबाच्या झाडाखाली त्यांनी गाडीखाली उतरून काम करायला एक खड्डा खणला, वर टिनाचं छप्पर टाकलं, आणि तेच गॅरेज. पाटी नव्हती. विचारलं तर म्हणत, "पाटी वाचून येनारा गिऱ्हाईक मले पायजेच कायले?"

पण तो कोपरा म्हणजे सगळ्या मळ्यातली चांगली जमीन. विहिरीचा पाट तिथूनच जायचा. भावाभावांत वाटणी झाली तेव्हा शंकरनं तीच जागा शेवंतीसाठी मागितली. पंच बसले. गुलाबराव उभे राहिले, उजवा हात वर केला आणि म्हणाले, "जोवर ह्या हाताले गिअर समजते तोवर जागा माही. ज्या दिवशी समजनार नाही, त्या दिवशी शंकरच्या शेवंतीची. मी सोता सोडीन." पंच हसले. शंकर हसला नाही. फुलं लावणारा माणूस वाट पाहायला शिकलेला असतो. तो फक्त म्हणाला, "वायदा झाला बरं, दादा."

त्या हाताचे लाड पाहण्यासारखे होते. पाना डाव्या हातानं फिरवायचा. हातोडा डाव्या हातानं. सगळं काळं काम डाव्या हाताकडे, आणि उजवा हात घरजावयासारखा बसून. तो हात फक्त दोन कामांना निघे, एक जेवायला आणि दुसरं गाडीचा गिअर पाहायला. दोन्हीच्या आधी साबण लावून कोपरापर्यंत धुवायचा. आमदाराचा माणूस एकदा गाडी घेऊन आला आणि त्यानं मोठ्या तोऱ्यात हात पुढे केला. गुलाबरावांनी दुरूनच नमस्कार केला. तो म्हणाला, "हात तरी द्या बुवा." हे म्हणाले, "हात तुमच्या गाडीले देतो. तुमाले देऊन काय समजनार हाय?"

आता त्यांची पद्धत सांगतो, कारण अशी पद्धत मी अमरावती-अकोल्यात कुठं पाहिली नाही, आणि पाहायची हौसही उरली नाही.

तुम्ही गाडी घेऊन गेलात की पहिली गोष्ट म्हणजे तुम्ही तोंड उघडायचं नाही. "गुलाबराव, तिसरा गिअर..." एवढं म्हटलं की ते कानावर हात ठेवत. "थांब. गाडी बोलते, डायवर बडबडते. मले गाडीसंग बोलू दे." मग हात धुणं. मग ड्रायव्हरच्या बाजूच्या सीटवर बसणं, डोळे मिटणं, आणि उजवा तळवा गिअरच्या मुठीवर ठेवणं, जसा लहान पोराच्या डोक्यावर ठेवावा तसा. गाडी तुम्ही चालवायची. क्लच तुम्ही दाबायचा. गिअर मात्र ते टाकणार. "दाब!" म्हटलं की दाबायचा, "सोड!" म्हटलं की सोडायचा. त्यांच्यापेक्षा आधी सोडला तर शिव्यांत मागचं पुढचं सगळं खानदान निघे. मी जीप चालवत म्हातारा झालो, मेळघाटाच्या चढावर कोरकूंची वऱ्हाडं नेली, लाकडं नेली, बाळंतिणी नेल्या, आणि ह्या माणसाच्या बाजूला बसलो की मला लायसन काढायला आल्यासारखं वाटे.

आणि पहिल्या दिवशी डब्बा उघडायचा नाही, हा दुसरा नियम. गिअरचा डब्बा म्हणजे त्यांच्या लेखी माणसाचं पोट. "पोट दुखलं का लगेच फाडतं काय तू? आंधी पाह्य त्यानं खाल्लं काय ते."

माझ्या जीपचंच घ्या. एका पावसाळ्यात दहीहांड्याकडच्या खारपाणपट्ट्यात गेलो होतो. तिथली माती म्हणजे माती नाही, सासुरवाडी आहे. एकदा चिकटली की सोडत नाही. परत आलो, गाडी उभी ठेवली, आठवडाभरानं काढायला गेलो तर रिव्हर्स पडेना, दुसरा घासून पडे, आणि चारही चाकांना जोर देणारा छोटा दांडा तर जागचा हलेना. अकोल्यात एकाला दाखवली. त्यानं मान हलवली, जसा डॉक्टर बिल मोठं करायच्या आधी हलवतो. म्हणाला, डब्बा उतरवावा लागेल. मी गुलाबरावांकडे आलो.

हात धुतला, बसले, डोळे मिटले. "गाडी बंद कर."

बंद केली.

बंद गाडीत त्यांनी एकेक गिअर टाकला. सगळे लोण्यासारखे पडले. रिव्हर्ससुद्धा.

"आता चालू कर."

चालू केली. रिव्हर्सनं किंकाळी फोडली.

"बंद गाडीत पडते, चालू गाडीत पडत नाही," ते डोळे न उघडता म्हणाले. "मंग डब्ब्याचा गुन्हा काय? क्लच पुरा सुटून नाही राहिला. खाली घूस अन् पाह्य."

मी खाली घुसलो. क्लचच्या दांडीभोवती, छोट्या दांड्याच्या सांध्याभोवती सगळीकडे काळी माती गच्च बसून, वाळून विटेसारखी झालेली. दांडीला हलायला जागाच नाही. आणि त्या मातीतून, खोटं सांगत नाही, हिरवे कोंब निघालेले.

"काय दिसून राहिलं?" वरून आवाज आला.

"उगवलं हाय काहीतरी."

"काय उगवलं?"

"हरभऱ्यावानी दिसते."

गुलाबराव सीटवरून उतरले, वाकले, पाहिलं, आणि मळ्याकडे तोंड करून ओरडले, "शंकर! अबे शंकर! इकडं ये! तुह्यापेक्षा ह्या नारायनाच्या जीपची पेरनी चांगली साधली!"

मग खुरपं आणि पाणी. अकोलेवाल्यानं जिचं पोट फाडायचं ठरवलं होतं ती गाडी आंघोळ घातल्यावर बरी झाली. मी पैसे काढले तर म्हणाले, "कायचे? निंदनाचे?" आणि महिनाभर अकोटात जो भेटेल तो मला विचारी, "नारायनभाऊ, औंदा जीपीत काय लावलं?"

पण ह्या शहाणपणाचं एक दुसरं अंग होतं. ते लोक सांगत नाहीत, म्हणून मी सांगतो. त्या गॅरेजात शिस्त नावाला नव्हती. उघडलेल्या डब्ब्याचा सगळा माल गुलाबराव फुलांच्या टोपल्यांत ठेवत. एका टोपलीत गिअर, एकीत बेरिंगं, एकीत पितळी कडी. माळ्याच्या घरात टोपलीशिवाय दुसरं भांडं सुचणार तरी काय? सुमनवैनी रोज बोंबलत, "अवो, माह्या टोपल्यांले तेल लागते!" हे म्हणत, "फुलाले चकाकी येईल." अशा घरात जे व्हायचं ते झालंच.

तुळशीच्या लग्नानंतरचे दिवस होते. एका ठेकेदाराच्या जीपचा डब्बा उघडलेला, आणि ठेकेदार समोर बसलेला. गुलाबराव टोपलीत हात घालतात तर टोपली नाही. तिसऱ्या गिअरचं पितळी कडं टोपलीत, टोपलीवर झेंडू, आणि झेंडूसकट वैनी सकाळच्या गाडीनं अकोल्याला.

ठेकेदार म्हणाला, "नवीन आना न दुसरं."

"नवीन कायले? ते कडं ह्या डब्ब्यात घासून घासून बसलं हाय. नवरा बायकोवर रुसला म्हून शेजारचा आनतं काय?"

ठेकेदाराला तिथंच बसवून ठेवलं. मला मात्र सोबत घेतलं, कारण एसटीत एकटं बसून शिव्या कोणाला देणार? जुन्या शहरात फुलाच्या अडत्याकडे गेलो. वैनी तिथंच होत्या. त्यांना काही ठाऊक नव्हतं. टोपली रिकामी. अडत्यानं डोकं खाजवलं. "पितळी कडं? ते तर आमच्या पोरीनं हाराले लावलं. गोल होतं, छान बसलं. मले वाटलं तुमीच दिलं हाराच्या कामाले."

"हार कोठी गेला?"

"वरातीच्या गाडीले. मोर्ना नदीच्या पलीकडं, थ्या गल्लीत..."

गल्लीत गेलो. बँड वाजून राहिला होता आणि एका उघड्या जीपच्या नाकावर, झेंडूच्या पाकळ्यांत मढवलेलं, चकाकणारं आमचं तिसऱ्या गिअरचं कडं. आत फेटा बांधलेला नवरदेव. मी म्हटलं, "गुलाबराव, आता वरात निंगू द्या, मंग मांगू." हे कुठं ऐकतात! सरळ बँडच्या मधून गेले. लोकांना वाटलं नवरीकडचे पाहुणे. कोणी अत्तर लावलं, कोणी टोपी देऊ लागलं. गुलाबराव जीपजवळ उभे राहिले, एक क्षण कान लावला, आणि ड्रायव्हरला म्हणाले, "अबे, क्लचवर पाय ठेऊन उभा नको राहू. नवरदेव मंडपात पोचाच्या आंधी क्लच मसनात पोचन."

नवरदेवाच्या मामानं विचारलं, "तुमी कोन?"

"मी ह्या हाराचा मालक."

पंगतीत बसवलं आम्हाला. हार सोडून दिला, कडं धोतरात बांधून आणलं. वैनी परतीच्या वाटेवर तोंडाला पदर लावून बसल्या, हसत होत्या की रडत होत्या ते मला कळलं नाही. गुलाबराव म्हणाले, "जेवन बरं होतं. मठ्ठ्यात मीठ जादा." दुसऱ्या दिवसापासून टोपल्या वेगळ्या केल्या असं वाटत असेल तर तुम्ही गुलाबरावांना ओळखलंच नाही.

असा माणूस. आणि मग दुनिया बदलली. गाड्यांतून गिअरचे दांडेच निघून गेले.

धामणगावचा एक जिनिंगवाला, कापसाचा व्यापारी, नवी कोरी गाडी घेऊन आला. आपोआप गिअर बदलणारी. जंगलात फिरायची हौस. चार चाकांसाठी दांडा नाही, एक गोल खटका, रेडिओच्या बटनासारखा. तो फिरवला तरी गाडी चार चाकांवर जाईना, नुसता दिवा लुकलुक करे. गुलाबरावांनी हात धुतला, बसले, डोळे मिटले, हात ठेवायला जागा शोधली. शेवटी त्या खटक्यावर दोन बोटं ठेवली, जशी नाडी पाहावी. गाडी पुढं घेतली, मागं घेतली. मी मागच्या सीटवर. मग बोलले ते भलतंच. "डब्बा गेला. उघडा लागते."

पहिल्या दिवशी डब्बा उघडा, असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. मला जरा चमकल्यासारखं झालं, पण म्हटलं, नवी गाडी आहे, असेल.

जिनिंगवाला हुशार. डब्बा न उघडता गाडी अमरावतीला कंपनीच्या वर्कशॉपात घेऊन गेला. तिथल्या पोरसवदा इंजिनिअरनं बॅटरीची ढिली तार आवळली. चार चाकं लागली. आणि जिनिंगवाल्यानं ही गोष्ट अकोट, अकोला, अमरावती, वाटेत लागेल त्या प्रत्येक टपरीवर सांगितली. फुकटचा माल वाटायला व्यापाऱ्याला मजा येते.

गुलाबरावांनी ऐकलं. म्हणाले, "जे हाताले काहीच सांगत नाही ते मशीन नोहे, सरकार हाय. त्याले दिवा पायजे, तार पायजे, साहेब पायजे." टपरी हसली. सगळ्यांनी मान्य केलं की चूक नव्या गाडीची. मीही मान्य केलं. त्या इंजिनिअरचं काम बरोबर होतं, हे कोणी बोललं नाही. इकडं बरोबर असलेल्या पोराचं नाव घ्यायची रीत नाही.

पण पुढल्याच उन्हाळ्यात एका जुन्या, साध्या, दांड्याच्या जीपला त्यांनी दुसऱ्या गिअरचं कडं गेलं म्हणून सांगितलं, आणि उघडल्यावर कडं साबूत निघालं. आता सरकारला दोष देता येईना. ते म्हणाले, "डायवरनं क्लच बरोबर नाही दाबला." तो बिचारा ड्रायव्हर मान हलवून गाडी घेऊन गेला. मी गप्प बसणारा नाही, पण बसलो.

मग तो दिवस आला. मी असाच गप्पा हाणायला गेलो होतो. गुलाबराव एका चालू करून बंद केलेल्या गाडीखालून निघत होते, आणि उठायला आधार म्हणून त्यांनी उजवा हात टेकवला तो सायलेन्सरवर. मला वास आला. आधी वाटलं रबर. मग पाहतो तर हात तसाच टेकलेला, आणि गुलाबराव मला विचारतात, "तुह्या पोराचं लगीन जमलं काय?"

"हात!" मी ओरडलो. "गुलाबराव, हात भाजून राहिला न!"

त्यांनी हात उचलला. तळव्याकडे पाहिलं, जसं दुसऱ्या कोणाचं सामान चुकून आपल्याकडे आलं असावं. दुखल्याची एक रेष तोंडावर नाही. मग सगळं समजलं. साखर होतीच त्यांना, बऱ्याच वर्षांपासून, वैनी सांगून थकल्या होत्या. आणि साखर गोड गोड बोलत शरीरात शिरते, नि जिथं तिला ऊब मिळेल तिथलं सगळं बधिर करते. तिला दुसरा हात नव्हता काय? डावा चांगला होता, राकट, कोणी विचारत नव्हतं त्याला. तो साबूत राहिला.

"शंकरले सांगू नको," गुलाबराव म्हणाले. एवढंच.

मी कशाला सांगतो? पण पट्टी सगळ्यांना दिसली, आणि शंकर काही आंधळा नव्हता. त्यानं पट्टी सुटेपर्यंत तोंड उघडलं नाही. पट्टी सुटली, तेव्हा माझी जीप गॅरेजात उभी होती. तिसरा गिअर उताराला आपोआप सुटून वर येत होता. घाटात असं झालं की गाडी मोकळी सुटते आणि ड्रायव्हरला आपले सगळे पूर्वज एका रांगेत दिसतात.

आम्ही निघालो तेव्हा शंकर टोपली घेऊन मागं चढून बसला. "मले फाट्यापर्यंत सोडा." फाट्यावर त्याचं काही काम नव्हतं, ते तिघांनाही माहीत होतं.

गुलाबरावांनी हात धुतला. कोपरापर्यंत, नेहमीपेक्षा जास्त वेळ. बसले, डोळे मिटले, तळवा मुठीवर ठेवला. "दाब." दाबला. त्यांनी तिसरा टाकला. "सोड." नाल्याचा उतार लागला. मी ॲक्सिलेटरवरून पाय काढला, आणि गिअर सुटला. मूठ त्यांच्या तळव्याला खालून येऊन भिडली, मला डोळ्यांनी दिसली. हात तसाच. डोळे मिटलेले. गुलाबराव समाधी लागल्यासारखे बसलेले, आणि गाडी मोकळी धावून राहिली.

मग इंजिनचा आवाज बदलला तो त्यांच्या कानाला लागला. त्यांनी डोळे उघडले आणि गिअरकडे पाहिलं. गिअरकडे पाहताना मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. माणूस स्वतःच्याच घराचा दरवाजा ठोठावून पाहतो ना, तसं.

 मागं शंकरच्या हातात टोपलीचा वेत करकरला.

नाल्याच्या वर येऊन मी गाडी उभी केली. गुलाबरावांनी हात मांडीवर घेतला. "नारायना, तू टाक गिअर," ते म्हणाले. "परत उतारानं घे. अन् मले सांग."

"काय सांगू?"

"काय सांगू काय विचारतं? सुटतानी हाताले काय लागते ते सांग. झटका मारून येते का सरकत सरकत येते?"

त्यांनी मला विचारलं. ड्रायव्हरला. मी गाडी वळवली, पुन्हा उतारावर घातली, आणि माझ्या स्वतःच्या गाडीच्या गिअरवर मी इतकं ध्यान कधीच लावलं नव्हतं. "आंधी थरथरते," मी म्हणालो. "मंग हळूहळू सरकते. झटका नाही."

"थरथर किती येळ? लगेच सुटते का थांबून?"

"थांबून. जसं कोनी विचार करून राहिलं."

"अन् सुटल्यावर घासल्यावानी?"

"नाही. साफ येते."

मी बोलत होतो आणि ते ऐकत होते. कानावर हात नाही, बडबड म्हणून हिणवणं नाही. एकेक शब्द झेलत होते. मग म्हणाले, "दात साबूत हाय. गिअरले जागेवर धरनारी जी गोळी असते, तिच्या खालची स्प्रिंग बसली. वरचं झाकन उघडलं का होते. डब्बा उतरवाचं काम नाही."

परत आलो. डाव्या हातानं झाकण उघडलं. स्प्रिंग निघाली ती थकलेली, आखूड झालेली. नवी टाकली. संध्याकाळच्या आत तिसरा गिअर घाटभर जागेवर राहिला, हलला नाही.

आता इथं शंकरबद्दल मला बोललं पाहिजे. जन्मभर मी त्याला कंजूष समजत आलो. तो लिंबाखाली आला, टोपली खाली ठेवली, आणि भावाकडे न पाहता म्हणाला, "दादा, बरोबर निंगालं न. राहू दे जागा. शेवंती मी विहिरीच्या पल्याड लावतो. तथी बी येते."

मला वाटलं, झालं. गुलाबरावांनी हो म्हणायचं, चहा सांगायचा, आणि मी घरी जायचं. मी तर मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली होती, कारण खरं पाहिलं तर तो रोग माझ्या हातानं सापडला होता. आता मी रोज येऊन बाजूला बसायचं, गिअर टाकायचं, सांगायचं, ते ऐकणार. एकाचा हात, दुसऱ्याचं डोकं. चालवलं असतं आम्ही अजून काही वर्षं. लोकांनी काय ते ओळखलं असतं, पण तोंडावर कोणी बोललं नसतं.

गुलाबराव म्हणाले, "बरोबर निंगालं ते याचं निंगालं."

"दादा, तसं नसते..."

"माहं नाही. वायदा कायचा होता? हाताचा. डोक्याचा नव्हता, अन् नारायनाचा तर बिलकुल नव्हता."

मी म्हटलं, "गुलाबराव, मी येत जाईन न रोज. मले दुसरं काम काय हाय?"

ते माझ्याकडे वळले. मला वाटलं आता शिवी येईल, आणि ती आली असती तर बरं झालं असतं. पण ते अगदी सरळ आवाजात म्हणाले, "तू चांगलं सांगतलं आज, नारायना. खरंच चांगलं सांगतलं." आणि मग त्यांनी खड्ड्यावरच्या फळ्या डाव्या हातानं एकेक करून उचलायला सुरुवात केली. त्यांच्या तोंडून अर्ध्या आयुष्यात मिळालेली ही एवढीच शाबासकी, आणि ती मला कुठं ठेवावी ते कळेना.

खड्डा शंकरनं भरला नाही. आपलं ऐकलं नाही म्हणून भावावर राग धरून बसला. शेवटी गुलाबरावांनीच बैलगाडीनं माती आणून टाकवली, उभं राहून. त्या पाटावर शेवंती आली. चांगली आली, खोटं कशाला बोलू.

त्यानंतर मी त्यांना एकदाच नीट पाहिलं. अकोल्याच्या दवाखान्यात ते पायाच्या जखमेसाठी जाऊन येत, कारण साखर एका हातावर थोडीच थांबते. मी फाट्यावर जीप लावून उभा होतो. अकोटची एसटी आली, वळणावर हळू झाली. गुलाबराव ड्रायव्हरच्या अगदी मागच्या सीटवर होते. ह्या सीटसाठी ते आधी भांडत, कंडक्टरशी, बायकांशी, एकदा तर एका महाराजाशी. तिथं बसून ते सगळा प्रवास ड्रायव्हरच्या गिअरकडे कान देऊन राहत आणि अकोल्यापर्यंत त्याचा जीव नकोसा करत.

ड्रायव्हरनं वळणावर खालचा गिअर टाकला. क्लच अर्धाच दाबला होता. असा करवतीवानी आवाज निघाला की रस्त्यावर उभा असून माझे दात शिवशिवले, टपरीवरचा माणूससुद्धा मान वर करून पाहू लागला.

मी गुलाबरावांकडे पाहिलं. ते खिडकीला टेकून बाहेर कोणाच्या तरी वावरात पाहत होते. तिथं दोन बाया कापूस वेचत होत्या. एसटी निघून गेली तोवर ते त्यांच्याकडेच पाहत होते.